कूतच्या वेढ्यावर एकहाती माहितीपट : चार वर्षं झाली, कुठे थांबू?

चावडीवाला

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे, इंग्रजीतली. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला ३१ माणसं गेली, त्यातली ५ मेली, एवढाच मजकूर. नाव एकाचंही नाही. लहानपणी आम्ही त्या भिंतीवर कोळशाने स्टंपा काढायचो. चेंडू पाटीला लागला की आउट, मग तो वाइड का असेना.

त्या पाचांतला एक माझ्या पणजोबांचा थोरला भाऊ. घरात त्याची सगळी कथा तीन शब्दांत आटपायची: "बसऱ्याला गेला, संपला." कुठली पलटण, कुठे मेला, कशाने मेला, कोणालाच ठाऊक नाही. तालुक्याच्या गावी माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाच्या ऑर्डरी घेतो. कॅमेरा होता, लॉकडाउनमध्ये रिकामा वेळ होता, म्हटलं यावर अर्ध्या तासाचा माहितीपट करू. सहा महिन्यांत उरकेल असं बायकोला सांगितलं होतं. ते वाक्य ती अजून अधूनमधून ऐकवते.

ज्यांना कूत म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानातून गेलेलं सैन्य मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, फाव बंदरात उतरलं आणि त्याच महिन्यात बसरा घेतलं. मग तिग्रिस नदीच्या काठाकाठाने वर बगदादकडे निघालं. पुढे होती ६ वी पुणे डिव्हिजन, सेनापती टाउनशेंड. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला मार खाऊन ही डिव्हिजन मागे तिग्रिसकाठच्या कूत-अल-अमारा या गावाला आली आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे १३,००० माणसं कैद झाली, त्यात बहुसंख्य आपली. त्यांना सोडवायला गेलेल्या फौजेचे सुमारे २३,००० लोक मेले किंवा जखमी झाले. शेवटी शेवटी विमानांतून पिठाची पोती टाकली, त्यातलीही काही नदीत आणि काही तुर्कांच्या खंदकात. घोडे कापायची वेळ आली तेव्हा आपली माणसं ते मटण खाईनात. धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी गावी गेल्यावर वाळीत टाकतील ही धास्ती होतीच. त्यापायी स्कर्व्हीने माणसं झिजली.

हे सगळं मला पुस्तकांतून, नकाशांतून कळलं. माहितीपटात दाखवू काय, तिथे गाडी अडली.

कारण वेढ्याचं चलचित्रण नाही. मेसोपोटेमियात अधिकृत कॅमेरामन, एरियल व्हर्जेस, पोचला तो १९१७ मध्ये. तोवर आपली माणसं कैदेत नाहीतर मातीत. व्हर्जेसची फिल्म वापरायची म्हणून परदेशातल्या एका संग्रहाला विचारलं, तर एका मिनिटाचा जो भाव आला त्यात माझी सेकंडहँड व्हॅन आली असती. मग मे महिन्यात कृष्णेच्या कोरड्या पात्रात चुलतभावाला खाकी घालून, पायाला क्रेप बँडेज गुंडाळून चालायला लावलं. म्हटलं हीच तिग्रिस. एडिटला बसलो तर फ्रेममध्ये मागे विलायती बाभूळ आणि तिच्याखाली जर्सी गाय. दोन दिवसांचं शूटिंग कचऱ्यात.

आता खरं दुखणं. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती आमची आत्याआजी, वडिलांची आत्या. वय ९२. ती त्या मेलेल्या माणसाची सख्खी पुतणी. त्याची बायको, जिला घरात सगळे थोरली म्हणायचे, तिच्या कुशीत ही वाढली. थोरलीने कुंकू कधी पुसलं नाही, कारण तिला कोणी नीट काही सांगितलंच नव्हतं. आत्याआजी सांगत होती की गावात कोणीही फौजी सुट्टीवर आला, मग तो काश्मीरहून का येईना, थोरली त्याच्या दारात जाऊन विचारायची, "बसरा लागला का रं वाटंत?"

हे वाक्य आत्याआजी बोलली तेव्हा मी एकटाच फोकस बघत होतो, प्रश्न विचारत होतो आणि चहाचा कप धरून बसलो होतो. हेडफोन गळ्यात. कॉलर माइकची बॅटरी चौथ्या मिनिटालाच मेली होती, ते मला घरी येऊन कळलं. उरला तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकचा आवाज: टेबल फॅनची घरघर, कुकरच्या शिट्ट्या, आणि नेमकं त्याच वेळी बाहेरून चाललेल्या वरातीतलं एक सिनेमाचं गाणं. पुन्हा शूट करू म्हणून लग्नसराई संपायची वाट बघितली. आषाढात आत्याआजी गेली.

तो तुकडा चाचणी म्हणून यूट्यूबवर खासगी चढवला. दहा मिनिटांत कॉपीराइटचा दावा आला, वरातीतल्या गाण्याबद्दल!

माझे प्रश्न असे. एक, तो आवाज वापरू का, की दुसऱ्या कोणा आजीकडून ते वाक्य डब करून घेऊ? दोन, कूतहून कैद्यांच्या अदलाबदलीत सुटलेल्या एका भारतीय शिपायाचा फोटो आहे, नुसता हाडांचा सापळा. नाव माहीत नाही. तो दाखवू का? आणि तिसरा प्रश्न शीर्षकात आहेच, चार वर्षांत जेमतेम पहिली बारा मिनिटं जुळलीत.

---

वाचनमात्र

बापरे. "बसरा लागला का रं वाटंत" वाचून थांबले. खूण साठवून ठेवतेय.

---

पिक्सेल_पांडू

दादा, टेन्शन कशाला घेता? एआयने करा. प्रॉम्प्ट टाकला की मराठा सैनिक, वाळवंट, तोफा, सगळं फोर-के मध्ये. आजीचा आवाजपण क्लोन होतो, चार मिनिटांचा सॅम्पल भरपूर झाला. मी आत्ताच गंमत म्हणून दहा सेकंदांची क्लिप बनवून बघितली, खाली लिंक देतो.

---

सुभेदार_निवृत्त

पांडुरंगा, बघितली तुझी क्लिप. १९१६ च्या शिपायाच्या हातात ढाल-तलवार आणि कपाळाला शिवगंध. मागं उंट आहे, त्याला पाय पाच. पोरा, ती मावळ्यांची फौज नव्हती, लाइट इन्फंट्री होती. रायफल, पट्ट्या, पगडी, पाठीवर पिठ्ठू.

चावडीवाले, तुमचं लिखाण आवडलं. मी स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीत २६ वर्षं काढली, बेळगावला रिक्रूट असल्यापासून कूतचं नाव ऐकतोय. तुमची पहिली अडचण कॅमेऱ्याची नाही, तुम्हाला पलटणच माहीत नाही. तीन पलटणी आत होत्या, त्यातली कुठली हे कळल्याशिवाय तुम्ही वाळवंटात हात फिरवत बसणार.

घरात बिल्ला आहे का बघा. त्या लढाईचं चांदीचं मेडल मिळायचं. त्याच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जशी कड असते तिथं, बारीक अक्षरात नंबर, रँक, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगातून बघावं लागतं. दुसरं, जो मेला त्याच्या घरी ब्राँझची मोठी गोल थाळी यायची, साधारण १२ सेंटिमीटर रुंद. एका बाजूला बाई आणि सिंह. त्यावर नुसतं नाव असतं, रँक नाही, नंबर नाही. जनरल असो का शिपाई, सारखंच.

---

चावडीवाला

सुभेदारसाहेब, साष्टांग. चांदीचा बिल्ला होता असं ऐकलंय. दुष्काळात मोडला आणि त्याचे कोणाच्या तरी पायातले वाळे झाले. थाळीचं पहिल्यांदाच ऐकतोय. विचारतो घरात.

पांडू, आवाज क्लोन करणार नाही. आत्याआजीला हयातीत मोबाइलमध्ये फोटो काढलेलाही आवडायचा नाही, आता तिच्या तोंडी मी वाक्यं कशी घालू?

---

तळटीप

धागा चांगला आहे म्हणून दोन खोड्या काढतो, राग नसावा.

माहितीपटवाल्यांची एक वाईट सवय आहे. मेसोपोटेमियाचं दृश्य मिळालं नाही की फ्रान्सच्या खंदकांचं चित्रण बिनदिक्कत लावतात. चिखल, काटेरी तारा, हेल्मेट घातलेले गोरे. कूतला ना तसा चिखल, ना तसली हेल्मेटं. प्रेक्षकाला कळत नाही हे खरं, पण मग वाळवंटात मेलेल्या माणसाच्या नावावर तुम्ही फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत मेलेला दुसराच माणूस खपवताय. दृश्य नसेल तर पडदा काळा ठेवा आणि आवाज ऐकवा. नकाशा दाखवा. पाटी दाखवा, तिच्यावरचे चेंडूचे डाग दाखवा.

कॉपीराइटबद्दल. भारतात चलचित्राचं संरक्षण प्रकाशनापासून ६० वर्षांचं, छायाचित्राचं २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचं. त्या काळच्या ब्रिटिश सरकारी छायाचित्रांची मुदतही कधीच संपली आहे. तरीही संग्रहालयं पैसे मागतात, कारण चांगली प्रत त्यांच्या कपाटात आहे. हक्काचे पैसे वेगळे आणि कपाट उघडायचे पैसे वेगळे, हे लक्षात ठेवून वाटाघाट करा. बिगर-व्यावसायिक वापर, लहान आकाराची प्रत, एवढ्या दोन गोष्टींवरही भाव बराच खाली येतो. आपल्याकडे राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळ आहे, तिथे लष्करी खात्याच्या फायली घरबसल्या उतरवता येतात. शोधताना मराठा हे स्पेलिंग जुन्या पद्धतीने, मधे एच घालून टाका, नाहीतर काही सापडणार नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. शरणागतीनंतर टाउनशेंडला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं. त्याच्या कुत्र्याला तर सुखरूप बसऱ्याला परत पाठवलं, तिथून ते विलायतेला गेलं. कुत्र्याचं नाव स्पॉट. ते सगळ्या पुस्तकांत आहे.

---

कोकणकडा

तळटीप, ते शेवटचं वाचून अंगाचा तिळपापड झाला.

आमच्याकडे रायगड-रत्नागिरीतही अशा पाट्या आहेत, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत. आमच्या गावची पाटी शाळेला रंग देताना ऑइलपेंटखाली गेली. गणपतीला गेलो तेव्हा मी आणि पुतण्याने खरवडून काढली. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखतात, तिथले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले.

---

कात्री

मी गेली १९ वर्षं संकलन करते, मालिका, जाहिराती आणि अधूनमधून पोटाला चिमटा घेऊन माहितीपट. तुमच्या धाग्यात जे दिसलं ते स्पष्ट सांगते.

तुम्ही एकटे आहात हे पैशाच्या बाबतीत चालतं, शूटिंगच्या बाबतीत ओढूनताणून चालतं, एडिटच्या टेबलावर अजिबात चालत नाही. प्रत्येक शॉटमागे तुम्ही किती उन्हात उभे होतात ते तुम्हाला आठवतं, म्हणून तो कापवत नाही. प्रेक्षकाला तुमचं ऊन दिसत नसतं. चार वर्षांत पहिली बारा मिनिटंच पुन्हापुन्हा घासत असाल तर तुम्हाला दुसरा माणूस हवाय, नवा लॅपटॉप नकोय.

आत्याआजीचा आवाज: डब करायचा विचार मनातून काढून टाका. फॅनची घरघर एकसारखी असते, ती सॉफ्टवेअरने बरीच कमी होते. डाव्हिंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही थोडंफार जमेल. पण पूर्ण काढू नका, नाहीतर माणूस विहिरीतून बोलल्यासारखा येतो. खाली मराठीतच अक्षरं द्या. आपल्या लोकांना वाटतं सबटायटल म्हणजे फक्त परभाषेसाठी. नव्वदीच्या बाईचं बोलणं दात नसताना मराठी माणसालाही कळत नाही.

वरातीच्या गाण्याचं काय करायचं ते ऐका. दावा येणं म्हणजे चॅनेल बंद होणं नव्हे. बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाला जातात, एवढंच. तुम्हाला यातून पैसे मिळणार होते का? नाही ना. मग जाऊ द्या.

पुढच्या वेळेसाठी: हेडफोन कानात. गळ्यात नाही, कानात. फॅन बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना आपली किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे निघताना किल्ली शोधताना फ्रिज चालू करायची आठवण होते, नाहीतर त्या घरचं दूध नासतं आणि पुन्हा कोणी दारात उभं करत नाही. बोलणं संपलं की सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा रिकामा आवाज एक मिनिट रेकॉर्ड करायचा. त्या एका मिनिटाने मला किती वेळा वाचवलंय सांगू. बाईमाणसाच्या पदराच्या काठाला माइक लावू नका, जरीची खरखर येते. दोन ठिकाणी आवाज घ्या, एक माइकवर आणि एक साध्या मोबाइलवर, शेजारी पालथा ठेवून.

फोटो: दाखवा. एकदाच. पूर्ण फ्रेम, चार-पाच सेकंद, झूम नाही, खाली करुण बासरी तर नाहीच नाही. आणि तुमच्या थोरल्या पणजोबांबद्दल बोलत असताना तो लावू नका. तो दुसऱ्या कोणाचा तरी पणजोबा आहे.

---

पिक्सेल_पांडू

कात्रीताई, पण लोकांना बघायला काहीतरी लागतं ना. काळा पडदा ठेवला तर पाचव्या सेकंदाला स्क्रोल.

---

कात्री

जातील ते जातील. २० मिनिटं थांबणारी चारशे माणसं मिळाली तरी या विषयाला कमी नाहीत.

---

गडकोट_भटका

एक प्रामाणिक प्रश्न, चिडू नका. इंग्रजांच्या पगारावर इंग्रजांचं साम्राज्य वाढवायला गेलेल्या लोकांचं कौतुक का करायचं? शिवकाळावर करा की, लाखांनी बघतील.

---

चावडीवाला

गडकोट, कौतुक करत नाहीये. आमच्या गावची ३१ माणसं कोणाचं साम्राज्य वाढवायला गेली नव्हती. जमीन पावसावरची, तीही वाटणीत तुकडे झालेली. पगार होता, भरतीवाला गावात येत होता, गेली. तो माणूस चांगला की वाईट हे ठरवायला आधी तो कोण होता ते तरी कळू दे.

कात्रीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. गळ्यातल्या हेडफोनवरून बायको मोठ्याने हसली. खरं सांगायचं तर पहिल्या बारा मिनिटांत माझाच आवाज नऊ मिनिटं आहे.

---

सुभेदार_निवृत्त

भटकेसाहेब, ज्या दिवशी भाकरी लागते त्या दिवशी माणूस झेंडा बघत नाही. बाकी तुमचा मुद्दा माहितीपटातच एखाद्या माणसाच्या तोंडून येऊ द्या, वाईट नाही.

---

थेम्सकाठची

मी लंडनला असते, मूळची कराडची. क्यूला ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे, माझ्या घरापासून बसने ४० मिनिटं. वाचकाचं तिकीट फुकट मिळतं आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने कागदांचे फोटो काढायला पैसे लागत नाहीत, फ्लॅश मारायचा नाही एवढंच. पलटणींच्या युद्धकाळातल्या दैनंदिन्या डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत. पलटण कळली की मला इथेच निरोप टाका, एका शनिवारी जाऊन जे सापडेल ते काढून पाठवते.

फक्त फार अपेक्षा ठेवू नका. या दैनंदिन्यांत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं असतात, शिपायांचे आकडे. मी आधी एकीच्या आजोबांसाठी दुसऱ्या पलटणीची चाळली होती. अमुक तारखेला इतके मेले, इतके जखमी, इतकी खेचरं.

---

शट्ट_अल_अरब

गंमत बघा, मी हा धागा बसऱ्यातून वाचतोय. तेलाच्या कामावर आहे, २८ दिवस इथे, २८ दिवस नाशिकला. "बसरा लागला का रं वाटंत" वाचलं आणि कँटीनमध्ये जेवताना घास अडकला.

इथलं स्मारक पूर्वी बंदराजवळ होतं. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकुमाने सगळं उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटरवर नेऊन उभं केलं, तो भाग १९९१ च्या आखाती युद्धात रणभूमी होता. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगं माहीत नसलेल्या ४०,००० हून जास्त लोकांसाठी ते आहे. कंपनीच्या गाडीतून त्या रस्त्याने मी दोनदा गेलोय, पण ताफा थांबवायला परवानगी नाही. पुढच्या फेरीत खिडकीतून मोबाइलवर घेता आलं तर बघतो. हलेल, काचेवरची धूळ येईल, तक्रार चालणार नाही.

---

तळटीप

शट्ट, घ्याच. त्या स्मारकाबद्दल एक माहिती हवी. तिथल्या भिंतींवर गोऱ्यांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचं नाव आणि त्यापुढे आकडा. राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव झाल्याचं मान्य केलं आणि माफी मागितली. नावं आता आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. तिथे प्रगत शोधात जादा माहितीच्या रकान्यात सातारा टाकून बघा. बापाचं नाव, गाव, तालुका बऱ्याचदा दिलेला असतो, फक्त स्पेलिंगं एखाद्या गोऱ्या कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी. जाधवचा जाधाव, शिंदेचा सिंधे, आडनावच नाही असेही पुष्कळ.

---

चावडीवाला

म्हणजे गावात आकडा आणि बसऱ्यातही आकडा.

---

सांजवात

माझे यजमान पानिपतावर करतायत. सहा वर्षं. आमच्या फ्रिजवर बुऱ्हाणपूर ते कर्नालचा नकाशा आहे आणि घरात पाच हार्ड डिस्क आहेत, त्यातली एक मी चुकून माळ्यावर दिवाळीच्या कंदिलांबरोबर ठेवली होती तर दोन दिवस अबोला. चावडीवाल्यांच्या सौ. हा धागा वाचत असतील तर त्यांनी मला निरोप करावा, आपण वेगळा धागा काढू.

---

कात्री

सांजवात 😄 पण पाच डिस्क बरोबर आहेत. चावडीवाले, तुमचं मूळ शूटिंग किती ठिकाणी आहे? एकाच डिस्कवर असेल तर हा धागा बंद करा आणि आधी दुसरी विकत घेऊन या. एक प्रत घरात, एक स्टुडिओत, एक सासुरवाडीला.

---

चावडीवाला (सव्वा महिन्याने)

धागा वर काढतोय. बरंच घडलं.

सुभेदारसाहेबांनी थाळीचं सांगितल्यापासून डोक्यात तेच. आमच्या घरात काही नव्हतं. वडील म्हणाले थोरलीचं सामान वाटणीत पलीकडच्या घराकडे गेलं. पलीकडचं घर म्हणजे आमचे भाऊबंद. बांधावरून १९९८ पासून कोर्टात आहोत. एकमेकांच्या लग्नाला जात नाही, मयताला फक्त जातो.

आठ दिवस काढले आणि शेवटी गेलो. कॅमेरा न घेता. काकांनी बस म्हटलं नाही, पण ऊठही म्हटलं नाही. अर्धा तास पावसाच्या गप्पा. मग मी थोरलीचं नाव काढलं. काकू आत गेल्या, आतून भांड्यांचा आवाज आला, आणि त्या ओल्या हाताने एक काळी पडलेली जड चकती घेऊन बाहेर आल्या. ताकाच्या गाडग्यावर झाकण म्हणून वापरात होती. त्यांच्या सासूपासून.

चिंच लावून घासली. बाई वर आली, सिंह वर आला. मग उजवीकडच्या चौकटीत नाव. इंग्रजीत, चुकीच्या स्पेलिंगात, आडनावाशिवाय. मी मोठ्याने वाचलं तेव्हा काका पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलले. म्हणाले, "हे तर माझ्या आज्याचं नाव. भावाचंच ठेवलं म्हणत होते, खरं असंल मग." आमच्या पिढीत कोणालाच हे माहीत नव्हतं. नाव इथे लिहीत नाही, दोन्ही घरांना विचारून लिहीन.

रात्री आयोगाच्या साइटवर बसलो. त्या स्पेलिंगचे चौदा निघाले. त्यातल्या एकापुढे बापाचं नाव बरोबर, तालुका बरोबर, गावाच्या नावात एक अक्षर कमी. ११० वी मराठा लाइट इन्फंट्री. मृत्यूची तारीख ऑगस्ट १९१६. म्हणजे वेढ्यात गेला नाही, शरणागतीनंतर साडेतीन महिन्यांनी गेला. कैदेत. वाळवंटातून चालवत नेलेल्यांत असणार. कित्येकांना रास-अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं होतं, पण हा तिथवर पोचला का वाटेतच पडला हे कुठल्याच कागदात नाही. माहितीपटात तेवढंच म्हणणार आहे.

---

सुभेदार_निवृत्त

चावडीवाले. ११० वी म्हणजे १९२२ च्या फेररचनेत झाली तिसरी मराठा. आजची २ पॅरा. माझा धाकटा भाऊ त्याच पलटणीत होता.

जास्त काही लिहीत नाही. चष्मा पुसतोय.

---

थेम्सकाठची

११० वी. लिहून घेतलं. या शनिवारी रेल्वेचं काम आहे, पुढच्या शनिवारी जाते.

---

शट्ट_अल_अरब

३८ सेकंदांची क्लिप निरोपात पाठवली आहे. खांबांची लांब रांग दिसते, मग विजेचा टॉवर आडवा येतो, मग पुन्हा रांग. ड्रायव्हरने वेग कमी केला नाही, पण मी सांगितल्यावर गाणं मात्र बंद केलं, म्हणजे दावा येणार नाही.

---

चावडीवाला

शट्ट, क्लिप बघितली, दहादा बघितली. सुरुवात हीच. हललेली आहे तशीच ठेवणार.

कात्रीताईंना बारा मिनिटांचा कट पाठवला होता, त्यांनी माझा नऊ मिनिटांचा आवाज दीड मिनिटावर आणला. दोन दिवस जेवण गेलं नाही, तिसऱ्या दिवशी पटलं. कृष्णेच्या पात्रातली तिग्रिस पूर्ण गेली. चुलतभाऊ नाराज आहे. आता सगळं मिळून २२ मिनिटं होतंय. आत्याआजीचं वाक्य फॅनसकट आहे.

काल पलीकडच्या घरी थाळीचं शूटिंग केलं. खिडकीच्या उजेडात, पाटावर ठेवून, अर्धा तास. काकू दारात उभ्या. शेवटी म्हणाल्या, "तुमचं झालं की झाकण द्या इकडं, ताक उघडं पडलंय."

---

कात्री

हेडफोन कुठे होता?

---

चावडीवाला

कानात. फॅन बंद, फ्रिजही बंद. तुम्ही सांगितल्याप्रमाणे स्टुडिओची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली होती. पण घर दोन आळ्या पलीकडे, चालत गेलो होतो, त्यामुळे निघताना किल्लीची आठवणच झाली नाही. फ्रिज काकूंनी नंतर लावला म्हणे. किल्ली अजून त्यांच्याकडेच आहे, उद्या सकाळी पुन्हा जातो.